रॅम वाढवण्याआधी विर्शला विचारा

आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवर केव्हीएमवर (लिनक्समधली आभासी कॉम्प्युटर चालवायची सोय) चालणारी सात व्हर्च्युअल मशीन मी सांभाळते. नवीन मुलगा किंवा मुलगी मदतीला आली की आधी एवढंच शिकवते: काही बदलायच्या आधी बघायचं.

विर्श म्हणजे ही मशीन सांभाळायची कमांड. सुरुवात 'विर्श लिस्ट --ऑल' ने. 'ऑल' विसरलात तर फक्त चालू मशीन दिसतात. लिबव्हर्टच्या (विर्शच्या मागे काम करणारी प्रणाली) भाषेत प्रत्येक मशीन म्हणजे 'डोमेन'. वेबसाइटच्या डोमेनशी त्याचा संबंध नाही. यादी रिकामी आली तर घाबरू नका. साध्या युजरने विर्श चालवलं की ते बहुतेक वेळा 'सेशन'ला (त्या युजरपुरती जोडणी) जोडलं जातं आणि आपली मशीन असतात 'सिस्टिम'मध्ये (पूर्ण सर्व्हरची जोडणी). सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने चालवणं) लावून पुन्हा बघा.

मग 'विर्श डॉमइन्फो' आणि पुढे मशीनचं नाव. सीपीयू किती, मेमरी किती, ऑटोस्टार्ट आहे का, सगळं एका पडद्यावर. मेमरी किबीबाइटमध्ये (1024 बाइट) असते: 4194304 म्हणजे 4 जीबी. हा आकडा पाठच करून ठेवा.

आता खरी गोम. मागच्या परीक्षेच्या वेळी निकालाच्या मशीनची रॅम 'विर्श एडिट'ने 8 जीबी केली, आतून रीबूट केलं, तरी डॉमइन्फो 4194304 च दाखवत राहिलं. तासभर गेला त्यात. कारण चालू मशीनची मांडणी (कॉन्फिगरेशन) वेगळी आणि साठवलेली वेगळी. 'विर्श डंपएक्सएमएल' चालू असलेली दाखवतं. त्यालाच '--इनॅक्टिव्ह' जोडलं की पुढच्या वेळी लागू होणारी दिसते. दोन्ही फाइलींत घ्या आणि डिफ लावा, फरक लगेच सापडतो. आतून रीबूट केल्यावर क्यूईएमयूची (मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) प्रोसेस तीच राहते, म्हणून नवी मांडणी लागत नाही. मशीन पूर्ण बंद करून 'विर्श स्टार्ट' द्यावं लागतं.

सीपीयूसाठी 'विर्श व्हीसीपीयूकाउंट' बघा. त्यात कमाल आणि सध्याचे, चालू आणि साठवलेले असे चारही आकडे वेगवेगळे येतात.

डिस्कसाठी आधी 'डॉमबीएलकेलिस्ट'. त्यातून डिस्कचं व्हीडीए वगैरे नाव घेऊन 'डॉमबीएलकेइन्फो --ह्यूमन'. कपॅसिटी म्हणजे मशीनला दिसणारी जागा, अ‍ॅलोकेशन म्हणजे होस्टवर (खऱ्या सर्व्हरवर) खरंच व्यापलेली. क्यूकाऊ2 (भरेल तशी वाढणारी डिस्क-फाइल) डिस्क असेल तर या दोन्हींत मोठी तफावत असू शकते. सगळ्या मशीनच्या कपॅसिटीची बेरीज होस्टच्या डिस्कपेक्षा जास्त निघाली, तर त्याच दिवशी वरिष्ठांच्या कानावर घाला.