मालिकेत जाताय? आधी दिवसांचं बोला

फोंडा, डिचोली, पेडणे, कुठून कुठून मला फोन येतात. बहुतेक जण एकच विचारतात: ताई, मालिकेत काम कसं मिळतं? त्याबद्दल मी इथे थोडंच सांगणार आहे. मिळालेलं काम माणसाला कसं गोत्यात आणतं ते मात्र सविस्तर सांगते, कारण त्यातून मी स्वतः अजून पुरती सावरलेली नाही.

तुम्ही नाटक केलेलं आहे, असं मी धरून चालते. देवळाच्या उत्सवात नाटक, मग कला अकादमीची स्पर्धा, हा आपल्याकडचा नेहमीचा रस्ता. माझाही तोच. एका पतसंस्थेत कारकुनी करायची आणि संध्याकाळी तालमीला जायचं, अशी बारा वर्षं गेली. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातलं शूटिंग बंद पडलं आणि कितीतरी मालिकांची युनिटं गोव्यात आली. एका युनिटला नर्सच्या भूमिकेसाठी इथलंच कोणीतरी हवं होतं. माझे चार दिवस झाले, तोच मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गोव्यानेही परवानग्या मागे घेतल्या आणि सगळे सामान बांधून गेले. मला वाटलं, संपलं. पण माझा नंबर कास्टिंगवाल्या मुलीकडे राहिला होता. वर्षभराने तिचाच फोन आला.

त्या चार दिवसांत मी काय शिकले ते आधी सांगते. पहिलंच वाक्य बोलले आणि साऊंडवाल्या दादांनी हेडफोन कानावरून बाजूला केला. मग माझ्या पदराखाली लावलेल्या माईककडे बोट दाखवून हळूच म्हणाले, “ताई, मी इथेच आहे.” जत्रेत शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेली असते आपल्याला. ती मोडायला वेळ लागतो. दुसरी अडचण हेल. संगीत नाटकं ऐकत मोठे झालेले आपण वाक्याचा शेवट जरा लांबवतो, आणि घरी कोंकणी असली की अनुनासिकही रेंगाळतं. “ताई, लाईन गाऊ नका” हे मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल. रोज अर्धा तास पेपर मोठ्याने वाचा, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकायला नको वाटतं, तरी ऐका. आणि समोरच्या नटाच्या दोन्ही डोळ्यांत पाहू नका, त्याचा कॅमेऱ्याच्या बाजूचा जो डोळा असेल त्यात पाहा. हे मला मेकअप रूममध्ये एका ज्येष्ठ अभिनेत्रीने सांगितलं. त्यांच्याशेजारी बसून मी जे शिकले ते पैसे भरून केलेल्या कार्यशाळेत शिकले नाही. ‘शंभर टक्के काम मिळेल’ म्हणून कार्यशाळा घेणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. ऑडिशनसाठी पैसे मागणारा माणूस कास्टिंगचा नसतो, एवढं पक्कं लक्षात ठेवा. महागड्या पोर्टफोलिओचीही गरज नाही. उजेडात काढलेले तीन साधे फोटो आणि मिनिटभराचा व्हिडिओ पुरतो. पहिली ऑडिशन हल्ली फोनवरच मागतात, त्यासाठी मुंबईत खोली घेऊन राहायचं कारण नाही. लुक टेस्टला, म्हणजे भूमिकेचा मेकअप-कपडे चढवून पाहायला, बोलावलं की मडगावहून संध्याकाळची कोकणकन्या धरा, पहाटे ठाण्याला उतराल.

आता मुख्य गोष्ट.

मला नायकाच्या आत्याची भूमिका मिळाली. दिवसाचे तीन हजार. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूला मी हिशेब मांडला. आठवड्याला सहा दिवस शूटिंग, म्हणजे महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे पंचाहत्तर हजार. पतसंस्थेचा पगार बावीस हजार होता. पंधरा दिवसांत राजीनामा दिला. ठाण्याला घोडबंदर रोडवर एका मुलीबरोबर भागीत खोली घेतली. माझ्या वाट्याचं भाडं नऊ हजार, आणि डिपॉझिट चाळीस हजार.

पंचवीस दिवस शूटिंग मालिकेचं असतं, तुमचं नसतं. हे कळायला मला तीन महिने लागले. पहिल्या महिन्यात माझे चौदा दिवस लागले, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात चार. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि कथा त्याप्रमाणे वळते. नायक-नायिकेच्या दुराव्याला आकडे चांगले आले, मग घरातली बाकीची माणसं जिन्यावर उभी राहण्यापुरती उरली.

त्यात पैसे नव्वद दिवसांनी. जुलैत केलेल्या कामाचे पैसे ऑक्टोबर संपताना हातात येतात. चौदा दिवसांचे बेचाळीस हजार, त्यातून दहा टक्के टीडीएस जातो, राहिले सदतीस हजार आठशे. टीडीएस रिटर्न भरल्यावर परत मिळू शकतो, पण तो पुढल्या वर्षी. तोवर भाडं, डबा, रात्री नऊला पॅकअप झाल्यावरची रिक्षा, सगळं गाठीच्या पैशातून. आमच्या मालिकेत आत्याच्या घरातल्या साड्यासुद्धा माझ्याच होत्या.

हेही निभावलं असतं. खरी मेख करारात होती. त्यात लिहिलं होतं की ही मालिका चालू असेपर्यंत मी दुसऱ्या मालिकेत काम करायचं नाही. महिन्याला मला किती दिवस देणार, याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. म्हणजे मी पूर्ण त्यांची, आणि त्यांच्यावर मला एक दिवसही बोलावण्याचं बंधन नाही. करार मी वाचला होता, दोनदा वाचला होता. पण लिहिलेलं तेवढंच वाचलं. काय लिहायचं राहिलंय ते शोधायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात एक सीन आला. आत्या नाशिकला मुलाकडे निघते, दारात सगळ्यांचा निरोप घेते. आर्टच्या दादांनी माझ्या हातात बॅग दिली. रिकामी होती. दिग्दर्शक म्हणाले, “आत्या, जड वाटू दे हं.” मी खांदा खाली टाकला, मूठ आवळली, उंबऱ्याशी क्षणभर थांबले. टेक एकदाच झाला. शॉट संपल्यावर हेअर करणारी ताई माझा हात धरून उभी राहिली, काही बोलली नाही. तिला कळलं होतं. मला खोलीवर पोचल्यावर कळलं.

त्यानंतर तीन महिने मी ठाण्यात बसून होते. प्रॉडक्शनला फोन केला की उत्तर ठरलेलं, “ट्रॅक परत येतोय, ताई.” म्हणजे आत्याचं कथानक पुन्हा सुरू होणार. त्याच काळात दुसऱ्या वाहिनीवरच्या एका मालिकेत आईची भूमिका विचारली होती. मी परवानगी मागितली. “करार आहे ना, ताई.” मी ती भूमिका सोडली. आत्या नाशिकहून कधीच आली नाही आणि मालिका संपली. आई रोज रात्री फोनवर विचारायची, “सगळें बरें मूं गो?” मी हो म्हणायचे. डिपॉझिटमधून दोन महिन्यांचं भाडं वळतं झालं होतं, हे तिला अजून माहीत नाही.

मला कोणी फसवलं, असं मी म्हणत नाही. म्हणूनच एवढं ताणून सांगते आहे. फसवणारा माणूस दिसला की आपण सावध होतो. इथे सगळे प्रेमाने वागत होते, ठरलेला प्रत्येक पैसा मिळाला, आणि तरी माझं वर्ष गेलं.

तेव्हा दर ऐकून हुरळू नका. “महिन्याला किमान किती दिवस पक्के?” हे विचारा, आणि ते दिवस शूटिंग झालं नाही तरी त्यांचे पैसे मिळतील, असं लिहून घ्या. तीन हजारांचे बेभरवशाचे दिवस घेण्यापेक्षा अडीच हजारांचे बारा पक्के दिवस घ्या. नवख्याला बारा दिवस सहसा देत नाहीत, हेही खरं. कदाचित पाचही देणार नाहीत. मग तुमचं म्हणणं एवढंच ठेवा: दिवस बांधून देता येत नसतील तर मला बांधू नका, दुसरीकडे काम करायची मोकळीक ठेवा. दोन्हींपैकी एक तरी मिळालंच पाहिजे. दोन्ही नाकारत असतील तर सही करू नका. हो, पहिली संधी असली तरी. हे लिहिताना माझं मलाच कठोर वाटतंय, कारण त्या दिवशी मला कोणी असं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. तरी सांगते.

नोकरी असेल तर राजीनाम्याआधी बिनपगारी रजा मागून पाहा. सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण बाजूला काढता येईपर्यंत निघू नका. पैसे कोणत्या तारखेला येणार, बारा तासांच्या शिफ्टपुढे थांबवलं तर काय, काम थांबवायचं असेल तर किती दिवस आधी सांगणार, हेही विचारा. विचारल्याने भूमिका जाईल ही भीती मलाही होती. दुसऱ्या मालिकेच्या वेळी घशाला कोरड पडली असतानाच मी विचारलं. समोरच्या बाईंनी शांतपणे लिहून घेतलं, दोन दिवसांनी फोन करून दहा दिवस पक्के दिले.

आणि घाबरून बसू नका, हेही मनापासून सांगते. सीन मेकअप चालू असताना हातात पडतो, कधी पाच-पाच पानांचा, आणि अर्ध्या तासात फ्लोअरवर उभं राहायचं असतं. तिथे तीन अंकी नाटक तोंडपाठ करणारा आपला माणूस डगमगत नाही. सहनट अडखळला तर त्याला सावरून घेणं आपल्याला उत्सवातल्या नाटकांनीच शिकवलंय. माझ्या दुसऱ्या मालिकेत लांब सीन असला की सहायक दिग्दर्शक आता माझा क्लोज, म्हणजे चेहऱ्याचा जवळून घ्यायचा शॉट, आधी लावतो, म्हणजे बाकीच्यांना पाठ करायला वेळ मिळतो.

या वेळी करारात आणखी एक ओळ घालून घेतली आहे. आमच्या गावची जत्रा मार्गशीर्षात असते. त्या रात्री नाटक असतं आणि त्यात माझी भूमिका ठरलेली आहे. जत्रेचा दिवस आणि आदला दिवस, असे दोन दिवस मला कॉलटाईम, म्हणजे सेटवर हजर राहायची वेळ, लागणार नाही.