पक्षी दिसत नाहीत? आधी त्यांचं खाणं शोधा, आणि या चुका टाळा

पहाटे उठून, गळ्यात दुर्बीण अडकवून माणसं सुप्याच्या माळावर नाहीतर भीमाशंकरच्या रानात जातात आणि दोन-तीन तासांनी परतताना म्हणतात, 'आज काहीच नव्हतं.' पक्षी तिथेच असतात. फक्त ते जिथे पोट भरत असतात, तिथे आपली नजर गेलेली नसते. जागेपणी पक्ष्याचा बहुतेक वेळ अन्न मिळवण्यात जातो. तो कुठे बसेल, किती वेळ थांबेल, जमिनीवर उतरेल की शेंड्यावर राहील, हे सगळं त्या अधिवासात खाणं कुठे लपलंय यावर ठरतं. तेवढं समजलं की त्याला शोधणं सोपं होतं, आणि त्याच्या पोटावर आपल्याकडून नकळत येणारा पायही टळतो.

माळरानाला मोकळी जागा समजू नका

सर्वांत मोठी आणि सर्वांत नुकसान करणारी चूक हीच आहे. सोलापूरजवळचं नान्नज, बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर, इंदापूरचे माळ इथे झाडं विरळ, म्हणून पक्षीही कमी असणार असं लोक धरून चालतात. गवत म्हणजे नाकतोडे, भुंगेरे, वाळवी, मुंग्या, गवताचं बी, सरडे, उंदीर. माळावर एवढं वाढलेलं ताट असतं, फक्त ते जमिनीलगत असतं.

माळावर आधी गवताची उंची बघा. गुरांनी चरून खुरटलेल्या, उघड्या जमिनीवर धाविक, टिटवी आणि चंडोल असतात. कारण त्यांना पायी फिरून नजरेनं किडे टिपायचे असतात आणि उंच गवतात ते दिसत नाहीत. धाविक पाहण्यासारखा असतो. तो चार पावलं भराभर धावतो, एकदम ताठ उभा राहतो, पुढे वाकून काहीतरी उचलतो आणि पुन्हा धावतो. थांबला की तो मातीत इतका मिसळतो की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. म्हणून रंग शोधत बसू नका. मोकळ्या जमिनीच्या एका पट्ट्यावर नजर स्थिर ठेवा आणि हालचाल होण्याची वाट बघा.

गुडघ्याएवढं गवत हे लावा आणि वटवट्या या पक्ष्यांचं क्षेत्र. अकोला-वाशीमकडच्या गवताळ भागात पावसाळ्यात विणीसाठी येणारा तणमोरही अशाच गवतात नाकतोडे आणि भुंगेरे खातो. अशा गवतात घुसून चालणं म्हणजे पक्षी उडवून लावणं, शिवाय विणीच्या दिवसांत घरटं पायाखाली जाण्याचा धोका. कडेला उभं राहावं.

हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात. हा शिकारी पक्षी गवतावरून जेमतेम माणसाच्या उंचीवर, पंख थोडे वर धरून, संथपणे शेताच्या तासांसारख्या एकापुढे एक ओळी घेत फिरतो. त्याचा चेहरा थोडा घुबडासारखा गोल दिसतो. त्या रचनेमुळे गवताखालची सळसळ त्याला ऐकू येते. तुम्ही जीप घेऊन त्याच्या वाटेत उभे राहिलात, इंजिन चालू ठेवलंत, तर त्याची ती ओळ तिथेच तुटते. गाडी बंद करून एका कडेला थांबा. तोच फिरत फिरत तुमच्याकडे येण्याची शक्यता जास्त.

माळावर झाडं लावणं हे तर थेट ताट काढून घेणं आहे. पुणे-सातारा भागातल्या कित्येक टेकड्यांवर 'हिरवळ हवी' म्हणून गिरिपुष्प लावलं गेलं. त्याखाली गवत तग धरत नाही, आणि गवत गेलं की नाकतोडे गेले, नाकतोडे गेले की चंडोल आणि धाविक गेले. माळाला माळ राहू देणं हेच तिथलं संवर्धन आहे, यावर माझा ठाम विश्वास आहे.

सगळीकडे सकाळी सहालाच पोहोचू नका

'पक्षी पहाटेच दिसतात' हे अर्धंच खरं आहे. जंगलात ते बऱ्यापैकी लागू पडतं. माळावर मात्र थंडीच्या दिवसांत ऊन चढेपर्यंत नाकतोडे दवानं जडावून गवताला चिकटून बसलेले असतात. ते उडायला लागले की त्यांना टिपणारेही तारांवर आणि बाभळींवर दिसू लागतात. मोठे शिकारी पक्षी तर जमीन तापून गरम हवा वर चढू लागल्याशिवाय उंच घिरट्या घालत नाहीत, कारण नुसते पंख मारत हिंडणं त्यांना परवडत नाही.

उलट पावसाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळ चुकवू नका. मृगाच्या पहिल्या सरींनंतर वारुळातून पंखवाल्या वाळव्या बाहेर पडतात, तेव्हा कोतवाल, वेडा राघू, कावळे, पाकोळ्या सगळे त्याच हवेत असतात. घारीसुद्धा या वाळव्या पायांनी पकडून उडता उडताच खातात. अंधार पडल्यावर दिव्याखाली पिंगळा येऊन बसलेला दिसतो.

घुबड म्हणजे फक्त रात्र, हाही असाच एक समज. रानपिंगळा दिवसा शिकार करतो. हा पक्षी नामशेष झाला असं मानलं जात होतं, 1997 मध्ये तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला. उघड्या फांदीवर बसून खालच्या पाचोळ्यात सरडा किंवा उंदीर हलतोय का, हे तो बघत असतो. सातपुड्यातल्या त्या सागाच्या रानात टॉर्च घेऊन रात्री हिंडण्यापेक्षा सकाळच्या उन्हात फांद्या बघणं जास्त उपयोगाचं.

रानात चालत राहू नका

सह्याद्रीच्या दाट रानात अर्धा तास एकही पक्षी दिसत नाही, आणि मग अचानक एकाच झाडावर दहा-बारा प्रकारचे दिसतात. निखार, वल्गुली, नाचण, शिंपी, सुतार, भृंगराज असे सगळे मिळून खात पुढे सरकतात. नाचण शेपटीचा पंखा फुलवत पानांत दडलेले किडे उठवते. सुतार खोडावरून वर चढत सालीखालच्या अळ्या काढतो. शिलिंध्री त्याच खोडावर डोकं खाली करून उतरते आणि वर चढणाऱ्याच्या नजरेतून सुटलेल्या भेगा तपासते. एकानं उठवलेला किडा दुसरा टिपतो, आणि इतके डोळे असल्यामुळे शिक्रा हा शिकारी पक्षी आला तर लवकर कळतं. भृंगराज इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, त्यानं फसून आवाजामागे धावू नका.

असा थवा दिसला की लोक पहिल्या रंगीत निखारामागे कॅमेरा घेऊन पळतात आणि बाकीचे सगळे निसटतात. जागेवर उभे राहा. थवा कुठल्या दिशेनं सरकतोय ते बघा आणि त्याच्या थोडं पुढे जाऊन शांत थांबा. बघताना झाडाचे मजले वेगवेगळे धरा: पाचोळा, झुडूप, खोड, आतल्या फांद्या, शेंडा. एकाच झाडावर राहून भांडण का होत नाही, ते मजले पाहिल्यावर लक्षात येतं.

थव्याची वाट बघायची नसेल तर फळलेला उंबर, वड किंवा पिंपळ शोधा. ही झाडं सगळी एकाच वेळी फळत नाहीत. एकाचा हंगाम संपतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू असतो, त्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे फळ असतंच. उंबराखाली गेल्यावर आधी वर बघू नका, खाली बघा. ताजी, अर्धवट कुरतडलेली फळं, बिया असलेली विष्ठा दिसली आणि थांबून थांबून टप्‌ टप्‌ आवाज येत असला, तर वर नक्की कोणीतरी आहे. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल असाच असतो. वीस-पंचवीस हरियाल पानांत बसलेले असतात आणि फळ पडल्याशिवाय एकही जाणवत नाही. सगळे फळखाऊ झाडाच्या सारखेच उपयोगाचे असतात असंही नाही. हरियालाच्या पोटात उंबराच्या बारीक बिया भरडल्या जातात. तांबट, बुलबुल आणि धनेश मात्र त्या जशाच्या तशा दूर नेऊन टाकतात.

धनेशाबद्दल कळकळीनं सांगतो. कोकणातल्या देवरायांमध्ये धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. फटीतून फक्त चोच बाहेर येते आणि नर दिवसभर फळं आणून तिला भरवतो. ढोलीखाली फोटोसाठी गर्दी झाली की नर जवळ येत नाही, आणि आतली मादी आणि पिल्लं उपाशी राहतात. ढोली सापडली तर जागा कुणाला सांगू नका, लांबून बघा, लवकर निघा. घरट्याजवळ मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर पूर्ण बंद करा. त्या वेळेत त्याला चारा आणायचा असतो आणि तो मात्र न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी भांडत बसतो.

वाळलेलं झाड 'मेलं' म्हणून तोडणं हीसुद्धा रानातली, आणि गावातलीही चूक. सालीखालच्या अळ्या तिथेच असतात, आणि सुतार-तांबटांनी कोरलेल्या ढोल्या पुढे पोपट, मैना, पिंगळा वापरतात. रस्त्यावर पडण्याचा धोका नसेल तर उभं राहू द्या.

तारेवरचा पक्षी 'नुसता बसलाय' असं समजू नका

तो कामावर असतो. वेडा राघू घ्या. तारेवरून झेपावतो, हवेत मधमाशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येतो. आधी तिचं डोकं तारेवर आपटतो. मग तिला चोचीत फिरवून शेपटाकडून धरतो आणि विष निघून जाईपर्यंत तो भाग तारेवर घासतो. त्यानंतरच गिळतो. हे सगळं पाहायला पाठलाग करावा लागत नाही, थोडं अंतर ठेवून एका जागी बसावं लागतं. नीलपंखही असाच तारेवरून खाली बघत असतो, पण त्याची झेप जमिनीकडे असते. खाटीक हा पक्षी पकडलेला नाकतोडा किंवा सरडा बाभळीच्या काट्याला टोचतो. त्याचे पाय घारीसारखे भक्ष्य दाबून धरण्याएवढे दणकट नसतात, म्हणून काटा त्याला आधार देतो, आणि उरलेलं पुढच्यासाठी तिथेच राहतं. बांधावरच्या बोरी-बाभळी साफ करताना हे डोळ्यांसमोर असावं.

एका पक्ष्यावर एकच शिक्का मारू नका

'सुगरण दाणे खाते', 'भोरड्या ज्वारीचं नुकसान करतात' ही वाक्यं ऋतू बदलला की चुकीची ठरतात. सुगरण आणि चिमणी स्वतः दाणे खातात, पण पिल्लांना आधी अळ्या आणि किडे भरवतात. भोरड्या मध्य आशियात विणीच्या वेळी टोळ फस्त करतात, आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीवर येतात, आणि फाल्गुनात पळस फुलला की मधासाठी त्यावर उतरतात. म्हणूनच तर त्यांना पळसमैना म्हणतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की शिंजीरच काय, कोतवाल आणि बुलबुलसुद्धा मध पितात.

हरभऱ्यात घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीसाठी पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला काठ्या, लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या तीन चुका वारंवार दिसतात. थांबा पिकापेक्षा बुटका असतो, मग कोतवाल त्यावर बसतच नाही. तो पिकाच्या वर ठळक दिसला पाहिजे. थांबे उशिरा लागतात, तोवर अळीनं घाट्यात तोंड घातलेलं असतं. लहान अळ्या पानांवर उघड्या असतात तेव्हाच ते हवेत. आणि थांबे लावून लगेच कडक औषध फवारलं जातं, म्हणजे पक्ष्यांना विषारी अळ्या वाढल्यासारखं होतं. हरभऱ्यात मधून मधून ज्वारीचे दाणे टाकले तर ज्वारीची धाटंच थांब्याचं काम करतात.

औषधाचा परिणाम किती दूर जातो ते गिधाडांनी दाखवलं. आपल्याकडची गिधाडं मढं वासानं शोधत नाहीत. उंचावरून नजरेनं शोधतात, आणि एक खाली उतरलं की दुसरी त्याला बघून येतात. त्यामुळे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिलेलं एक जनावर मेलं की एकाच वेळी अनेक गिधाडं ते खात आणि मरत. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली होती.

घराजवळ

खारी शेव, फरसाण, पाव गच्चीवर टाकू नका. मीठ लहान पक्ष्यांना झेपत नाही आणि पावात पोषण नसतं. द्यायचंच असेल तर बाजरी किंवा तांदळाची कणी थोडी द्या, ताटली रोज धुवा. घाण ताटलीतून आजार पसरतात. पाण्याचं भांडं उथळ ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे कुंपणाला करवंद, बोर, तुती लावा आणि झाडाखालचा पाचोळा झाडू नका. दयाळ आणि सातभाई तोच उलटून किडे काढतात.

पावसाळ्याच्या सुमारास जमिनीवर पिल्लू सापडलं की माणसं त्याला घरात आणून दूध-पाणी पाजतात. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं. आईबाप आसपास असतात आणि जमिनीवरही भरवतात. मांजर येईल असं वाटलं तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. पिसं न आलेलं असेल तर घरटं शोधून परत आत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. तुम्ही दूर झालात की थोड्या वेळानं ते अळी घेऊन येतात.