ड्रायव्हर बदलल्यावर फोटो लाल यायला लागले? शाई आणायला पळू नका

भाचीच्या हळदीचे फोटो छापत होते, चार बाय सहाच्या ग्लॉसी पेपरवर, तर हळद आली गेरूसारखी आणि ताईचा चेहरा उन्हात भाजल्यासारखा. आदल्या आठवड्यात याच प्रिंटरवर झकास प्रिंट आलेले, मधे फक्त विंडोज अपडेट झालं होतं, त्यात ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) बदलला. मी मठ्ठासारखी आधी पिवळी शाई बदलली, फरक शून्य.

म्हणून आधी कॉम्प्युटरला हात न लावता प्रिंटरच्याच मेनूतून नोझल चेक (हेडच्या शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांची चाचणी) काढा, साध्या कागदावर. सगळ्या रंगांच्या रेघा अखंड असतील तर शाई, हेड ठीक आहे, भानगड बहुतेक ड्रायव्हर किंवा सेटिंग्जकडे. तुटक असतील तर एकदोनदा क्लीनिंग करा, उगाच सात-आठदा नको, तेवढी शाई नुसती वाया जाते.

आता प्रिंटिंग प्रेफरन्सेस उघडा. पेपर टाइपमध्ये ग्लॉसी, मॅट असलं काही दिसतच नसेल, नुसता साइज आणि कलर एवढंच असेल, तर बहुतेक विंडोजने स्वतःचा जनरल ड्रायव्हर बसवलाय. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर उतरवून घ्या, पण आधी यूएसबी काढा आणि जुना मुळासकट काढून टाका, कारण नुसता प्रिंटर रिमूव्ह केला तरी ड्रायव्हर मागे राहतो आणि केबल लावली की तोच परत हजर. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज, त्यात ड्रायव्हर्स टॅब, तिथून रिमूव्ह करताना ड्रायव्हर पॅकेजसकट काढायचा पर्याय निवडा. मग नवीन टाका, केबल इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच लावा.

नवीन ड्रायव्हर आला की पेपर टाइप बऱ्याचदा प्लेन पेपरवर असतो. हे बघाच! कुठल्या कागदावर किती शाई सोडायची ते ड्रायव्हर यावरूनच ठरवतो, ट्रेमध्ये ग्लॉसी आहे हे त्याला आपोआप कळेलच असं नाही.

एवढं करूनही लालसर झाक राहिली तर रंग दोनदा दुरुस्त होताहेत का ते बघा. माझ्याकडे तेच झालं होतं, फोटोशॉपमध्ये रंग फोटोशॉपने सांभाळायचे असं होतं आणि नवीन ड्रायव्हरमध्येही कलर करेक्शन चालू, म्हणजे भाजीत दोघींनी मीठ टाकल्यासारखं. एकालाच सांभाळू द्या. फोटोशॉपला ठेवलं तर ड्रायव्हरमधलं करेक्शन बंद करा आणि तुमच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या प्रिंटर-कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) निवडा, जुनं प्रोफाइल ड्रायव्हरबरोबर गेलं असेल तर परत टाकायला लागतं. ही कटकट नको असेल तर प्रिंटरला सांभाळू द्या, घरच्या फोटोंना चालतंय.

टेस्टला अख्खा पेपर घालवू नका, फोटोतला चेहऱ्याचा एक तुकडा छोटा करून कोपऱ्यात छापा, एका वेळी एकच सेटिंग बदला आणि तुकड्यामागे बॉलपेनने लिहून ठेवा. रंग वाळल्यावर बघायचे, ओल्यावर नाही. जमलं की सेटिंग्जचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढचं अपडेट येतंच आहे.