जुना एअरस्ट्रीम दुरुस्त करायला घेताय? या चुका टाळा

एअरस्ट्रीम म्हणजे गाडीमागे ओढायचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं फिरतं घर. जुन्या एअरस्ट्रीमच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: 'सांगाडा ठणठणीत, फक्त घासूनपुसून घ्यायचाय.' फोटोत उतरत्या उन्हात ॲल्युमिनियमची पाठ चमकत असते आणि बघणारा मनाने यलोस्टोनला पोचलेला असतो. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ते या ट्रेलरांना पुरेपूर लागू पडतं. ॲल्युमिनियमला लाल गंज चढत नाही, त्यामुळे पन्नास-साठ वर्षं पावसात उभा असलेला ट्रेलरही लांबून देखणा दिसतो. त्याच्या पोटातलं लाकूड आणि स्टील मात्र तेवढं नशीबवान नसतं.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी कोणी असा ट्रेलर घ्यायच्या विचारात असेल, तर आधी त्याची बांधणी समजून घ्या. ग्लायडर बनवणाऱ्या हॉली बौलसने १९३४ साली 'रोड चीफ' हा ट्रेलर आणला आणि एअरस्ट्रीमच्या संस्थापकाचा, वॉली बायमचा 'क्लिपर' १९३६ साली आला, तो त्याच घराण्यातला. ही पद्धत विमानाच्या धडाची. बाहेर पत्रा, मधे ॲल्युमिनियमच्या फासळ्या, आत दुसरा पत्रा, सगळं रिव्हेटने जखडलेलं. या कवचाच्या, म्हणजे शेलच्या तळाला सगळीकडून सी-चॅनल नावाची पट्टी फिरते. ती प्लायवुडच्या जमिनीवर बसते आणि बोल्ट चॅनल, प्लायवुड आणि खालची स्टीलची फ्रेम या तिघांतून आरपार जातात. एकट्या फ्रेमच्या जिवावर काही चालत नाही, तिघं मिळून भार उचलतात. चाकांच्या गाड्यावर ठेवलेली पेटी समजून जो कामाला लागतो, त्याचे पैसे दोनदा खर्च होतात.

घेताना फक्त पत्रा बघणं

बघायला जाताना टॉर्च आणि एक दाभण किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर खिशात टाका. आत शिरल्यावर ओटा, पडदे, गादी यांच्याकडे नंतर बघा. आधी गुडघ्यावर बसून मागच्या कोपऱ्यातली कपाटं उघडा आणि भिंत जमिनीला मिळते तिथे दाभण टोचा. चांगलं प्लायवुड टोकाला दाद देत नाही. कुजलेल्यात ते बटाट्यात शिरावं तसं शिरतं. दाराचा उंबरा, पुढच्या खिडकीखालची जागा, चाकांच्या कमानींची टोकं आणि संडासाभोवतीची जमीन, एवढं तपासल्याशिवाय भावाची बोलणी करू नका. जमिनीवर नवीन व्हिनाइल अंथरलेलं असेल तर शंका दुप्पट धरा. कोरी करकरीत फरशी आणि चाळीस वर्षांच्या जुन्या खिडक्या, हा जोड फारसा निष्पाप नसतो.

मग मागे या. एकाने मागच्या बंपरवर उभं राहून हलकेच वरखाली व्हायचं आणि दुसऱ्याने बंपरच्या वर, पत्र्याचा खालचा काठ फ्रेमला मिळतो ती रेघ डोळ्यांसमोर धरायची. बंपर आणि शेल एकत्र डुलले तर ठीक. बंपर खाली जातोय, शेल जागच्या जागी आहे आणि मधली फट उघडमीट करतेय, तर मागची बाजू फ्रेमपासून सुटलेली आहे. १९७० च्या दशकातल्या लांब मॉडेलांत, विशेषतः बाथरूम अगदी मागे असलेल्यांत, हे दुखणं फार. ॲक्सलच्या मागे लांबलचक लोंबणारा भाग, त्यावर टाक्यांचं वजन आणि बंपरजवळच्या सांध्यातून वर्षानुवर्षं आत मुरणारं पाणी. प्लायवुडची कड कुजली की बोल्टला पकडायला काही उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्याला फ्रेम आणि शेल आपापल्या वाटेने जातात.

यावरचा सर्वांत लाडका आणि सर्वांत निरुपयोगी उपाय म्हणजे बाहेरून आणखी दोन-चार जाड स्क्रू मारणं. कुजलेल्या लाकडात स्क्रू मारून काय धरणार? मागची जमीन काढायची, फ्रेमचा गंज खरवडून जिथे पातळ झाली असेल तिथे वेल्डिंग करून घ्यायची, नवं प्लायवुड घालायचं आणि मग पुन्हा बोल्ट आवळायचे. दुसरा रस्ता नाही.

कागदपत्रांचंही तिथेच उरका. विकणाऱ्याच्या नावावर टायटल, म्हणजे मालकीचा कागद आहे का आणि त्यावरचा नंबर ट्रेलरवरच्या नंबराशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी बघा. 'टायटल नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याला 'पैसेही नंतर पाठवतो' म्हणा.

एकदम सगळं उचकटणं

घरी आणल्यावर पहिल्या शनिवारी उत्साहाच्या भरात आतलं सगळं काढून टाकायची खुमखुमी येते. फर्निचर काढा, हरकत नाही, पण प्रत्येक तुकड्याचा फोटो काढा, माप घ्या, मागे खडूने जागा लिहा. आतली गोलाईची कपाटं कुजलेली असली तरी फेकू नका. नवं कपाट कापताना तोच तुमचा साचा असतो.

खरा धोका पुढे आहे. आतला पत्रा आणि जमीन दोन्ही एकाच वेळी काढली तर शेल लेचापेचा होतो, बाजू बाहेर फाकतात आणि मग नव्या फ्रेमवर तो जागेवर बसेना म्हणून रडायची वेळ येते. शेल उचलून फ्रेम मोकळी करायची असेल तर आधी आतून लाकडी आडवे-उभे टेकू बांधा, दोन्ही भिंतींमधलं अंतर ठिकठिकाणी मोजून लिहून ठेवा आणि मगच बोल्ट काढा. आतला पत्रा काढलेल्या अवस्थेत ट्रेलर रस्त्यावर ओढत वेल्डरकडे नेणं हाही त्याच जातीचा प्रकार. वेल्डरला घरी बोलवा.

नव्या जमिनीसाठी 'कुजणारच नाही' म्हणून प्रेशर-ट्रीटेड प्लायवुड आणणारे पुष्कळ. त्यातली तांब्याची संयुगं ओलाव्यात ॲल्युमिनियमला खातात आणि सी-चॅनल नेमकी त्यावरच बसलेली असते. साधं बाह्यवापराचं किंवा मरीन प्लायवुड घ्या आणि कापलेल्या कडांना इपॉक्सी पाजा. पाणी कडेतूनच पितं ते. स्टील आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात, म्हणजे फ्रेमचे आडवे हात आणि पोटाखालचा पत्रा, तिथे मधे रंग आणि टेप दोन्ही घाला. नाहीतर ओलावा आला की दोन धातूंची बॅटरी होते आणि पत्रा पांढऱ्या भुकटीत उतरतो.

भिंतीतलं जुनं फायबरग्लास काढताना उंदरांची घरटी निघणारच. ती कोरडी झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. अमेरिकेतल्या रानउंदरांच्या लेंड्यांतून हंता विषाणू पसरतो, आणि धूळ श्वासात जाणं हीच त्याची मुख्य वाट. ब्लीचच्या पाण्याने आधी भिजवा, मास्क आणि हातमोजे घाला, मग गोळा करा. उंदरांच्या मुताने पत्र्याला पडलेली बारीक भोकंही त्याच वेळी दिसतील. आतून टॉर्च न लावता बघा, बाहेरचा उजेड आपोआप सांगतो.

गळती बाहेरून बुजवणं

हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन हा जुन्या ट्रेलरांचा शत्रू क्रमांक एक. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, ते ॲल्युमिनियमला बाधतं. शिवाय एकदा लागलं की त्यावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही, रंग नाही आणि दुसरं सीलंटही नाही. आधीच्या मालकाने थापलेलं सिलिकॉन खरवडण्यात जितका वेळ जातो तितका आख्खं छत नीट सील करायला लागत नाही. प्लास्टिकचं खरवडणं वापरा, लोखंडी नको. पॉलियुरेथेन जातीचं सीलंट घ्या. रिव्हेट आणि पातळ शिवणींसाठी त्याच कामाचं पातळ, वाहणारं सीलंट मिळतं.

पाणी आत जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं. छतावरच्या व्हेंटच्या कडेने शिरलेला थेंब बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने फासळीपर्यंत ओघळतो, फासळीच्या कडेने खाली येतो आणि सी-चॅनलमध्ये साठतो. तुम्ही मात्र खिडकी सील करत बसता. म्हणून आतला पत्रा निघालेला असतानाच पाण्याची परीक्षा घ्या. एकाने आत मार्कर घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने खालून वर जायचं. आधी खिडक्यांच्या खालची रांग, बराच वेळ थांबून मग खिडक्या, मग दिव्यांच्या चौकटी, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि कळत काहीच नाही. प्रेशर वॉशर नको, तो नसलेली गळतीही निर्माण करतो. खुणा केलेल्या शिवणी आतून सील करा आणि पुन्हा पाणी मारा. पूर्ण कोरडं राहीपर्यंत इन्सुलेशनचा गठ्ठा उघडूसुद्धा नका.

रिव्हेट

बाहेरच्या पत्र्याला पॉप रिव्हेट मारलेला दिसला की जाणकार तिथेच भाव पाडतात. त्याच्या मधल्या भोकातून पाणी शिरतं. मूळ रिव्हेट भरीव असतात, आणि ते मारायला दोन माणसं लागतात. बाहेरचा एअर हॅमर चालवतो, आतला मागे जड लोखंडी ठोकळा धरतो. ठोकळा वाकडा धरला तर आतलं डोकं एका बाजूला कलंडतं आणि बाहेर पत्र्यावर चंद्रकोर उमटते. एक अष्टमांश इंची रिव्हेटसाठी ३० नंबरचा ड्रिल बिट, आणि पत्र्याबाहेर आलेली दांडी तिच्याच जाडीच्या दीडपट. ठोकल्यावर आतलं डोकं दांडीच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच झालं की बरोबर. आधी भंगार पत्र्यावर हात बसवा.

जुना रिव्हेट काढताना आरपार भोक पाडायची घाई नको. फक्त डोक्याच्या मधोमध उथळ ड्रिल करा, डोकं पंचने उडवा, मग दांडी मागे ढकला. बिट घसरला तर भोक लांबट होतं आणि जाड रिव्हेट घालायची पाळी येते. तोपर्यंत पत्रे जागेवर धरायला क्लेको नावाच्या तात्पुरत्या पिना असतात, त्या मुबलक घ्या. आत हात पोचतच नाही अशा जागी एकाच बाजूने मारता येणारे ऑलिम्पिक रिव्हेट चालतात. त्यांची दांडी बाहेरून तासून घेतली की लांबून फरक कळत नाही.

ॲक्सल आणि चाकं

१९६१ पासून एअरस्ट्रीमला टॉर्शन ॲक्सल आहेत. नळीच्या आत रबराचे दांडे असतात आणि झटका तेच झेलतात. रबर काही दशकांत दगड होतं, ट्रेलर उभाच राहिला असेल तर आणखी लवकर. चाकाच्या मागे वाकून चाक धरणारा हात बघा. भरलेल्या ट्रेलरचा हात नळीपासून चाकाकडे खाली उतरता हवा. आडवा किंवा वर चढता असेल तर ॲक्सल गेला. नवे शॉक ॲब्झॉर्बर घालून भागत नाही, कारण मेलेल्या रबराचे सगळे धक्के सरळ शेलला जातात आणि तुम्ही घातलेले रिव्हेट एकेक करून सैल होतात. आणि जॅक कधीही ॲक्सलच्या नळीखाली लावू नका, फ्रेमखालीच लावा. टायरची जाडी बघून फसू नका. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात.

वीज आणि गॅस

ही जागा हौसेची नाही, पण निदान कुठे बघायचं ते माहीत हवं. ट्रेलरचं तीस अँपियरचं टीटी-३० सॉकेट १२० व्होल्टचं असतं. घरांचं वायरिंग करणारे काही इलेक्ट्रिशियन ते कपडे वाळवायच्या यंत्राचं समजून २४० व्होल्ट जोडतात. आमच्या ओळखीतल्या एका घरी असंच झालं आणि प्लग लावताक्षणी मायक्रोवेव्ह आणि चार्जर दोन्ही गेले. नवीन सॉकेटमध्ये आधी मीटर, मग प्लग. घरात न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडतात, तसं ट्रेलरच्या आतल्या पॅनेलमध्ये जोडू नका. पुरवठ्यात कुठे दोष असला तर आख्खा ॲल्युमिनियमचा पत्रा जिवंत होतो आणि ओल्या गवतावरून दाराच्या मुठीला हात लावणारा झटका खातो. बॅटऱ्या चार्ज करणारा जुना युनिव्होल्ट कन्व्हर्टर त्या उकळवतो, तो काढून नवा बसवा.

गॅसच्या तांब्याच्या नळ्यांची दाबाखाली तपासणी माहितगाराकडूनच करून घ्या. जुन्या गॅस फ्रिजमागे पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा वास असेल तर त्याचा मोह सोडा.

आत घर बांधणं

फोटोत छान दिसतात म्हणून टाइल्स, दगडी ओटा, जाड प्लायवुडची कपाटं. मूळ फर्निचर मुद्दाम हलकं असायचं. नव्या वजनाची बेरीज ट्रेलरच्या पाटीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघा आणि पहिल्या प्रवासाआधी ट्रकच्या काट्यावर वजन करा. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या सांध्यावर, एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा. मागे जड टाक्या टाकल्या की तो घटतो आणि हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. १९७० च्या दशकाच्या मध्याआधीच्या ट्रेलरांत अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची टाकी बहुधा नसतेच. ती घालायची तर जमीन उघडी असतानाच आणि ॲक्सलच्या जवळ घाला.

पॉलिश आधी

हे काम सगळ्यांना पहिलं करायचं असतं आणि ते सर्वांत शेवटचं आहे. त्या काळच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो. ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यावर एका बाजूला तो पत्र्याच्या जाडीच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. आरशासारखी चमक त्याचीच, आणि खालच्या मिश्रधातूला गंजापासून तोच वाचवतो. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश फिरवला की तो कायमचा गेला. फॅक्टरीतला जुना पारदर्शक लेप सोलपटून निघत असेल तर ॲल्युमिनियमला चालणाऱ्या स्ट्रिपरने मऊ करून प्लास्टिकच्या पात्याने काढा. मग विमानांसाठीचं पॉलिश, जाड दर्जापासून बारीककडे. चौकोनी फूटभर जागा घ्या, काळा मळ पुसून टाका, मग पुढची जागा. पॉलिश केलेला पत्रा वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हात मागतो. तेवढी तयारी नसेल तर स्वच्छ करून क्लिअर कोट मारून घेणं बरं, फक्त कोट मारण्याआधी पॉलिशचा तेलकटपणा सगळ्या शिवणींतून निघालाय ना, हे पांढऱ्या फडक्याने पुसून बघा.