माग किती शिळा? श्वानाचं नाक जोखताना या चुका टाळा

‘आमच्या कुत्र्याने कालचा माग काढला,’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, काल किती वाजताचा? आणि रात्री दव पडलं होतं का? नुसते तास मोजून माग, म्हणजे जमिनीवर राहिलेला वास, किती शिळा ते कळत नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

जर्मनीत जखमी जनावराचा माग कुत्र्याकडून काढण्याची शिस्त फार जुनी. गोळी लागलेलं हरीण किंवा रानडुक्कर झाडीत निघून गेलं, तर त्याला तडफडत सोडायचं नाही, असं तिथला शिकार कायदाच सांगतो. म्हणून लांब पट्ट्यावर श्वान घेऊन शोध घेतात. हॅनोव्हेरियन श्वाइसहुंड ही जात त्याच कामासाठी घडवलेली. (‘श्वाइस’ म्हणजे एरवी घाम, पण शिकाऱ्यांच्या बोलीत जनावराचं रक्त.) तिथल्या एका परीक्षेत रक्त टाकून मुद्दाम माग घालतात; किमान १००० मीटरच्या मागाला जेमतेम पाव लिटर रक्त वापरतात आणि तो २० किंवा ४० तास तसाच राहू देतात.

हे ४० तास ऐकून लोक घाई करतात. मीही केली. उन्हाळ्यात, आठवडाभर पाऊस नसताना, भर दुपारी सहा तासांच्या मागावर माझी कुत्री उभी केली. चार पावलं गेली आणि जीभ बाहेर काढून थांबली. धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगूच शकत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पुढे पावसानंतरच्या एका पहाटे तिलाच १८ तासांचा माग दिला. बीच झाडांच्या पाचोळ्यात तिने नाकाने एक पान उलटं केलं आणि खालच्या ओल्या बाजूला नाक टेकवून थबकली. पानाच्या कडेला मसुराएवढा काळपट डाग होता. नाक तेच होतं, फरक ओलीचा होता. कडक ऊन, कोरडी जमीन आणि वारा वास उडवून लावतात. गारवा, सावली, हलकं दव तो धरून ठेवतात. म्हणून वहीत तासांच्या शेजारी हवामान आणि जमीन लिहाच.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही. माग आपणच घालतो आणि कुत्र्यामागे आपणच चालतो. वळण जवळ आलं की पाऊल आखडतं, पट्टा किंचित ताणला जातो, आणि कुत्रं आपला हात वाचतं. माग दुसऱ्याला घालायला सांगा आणि तो कुठून गेला ते स्वतः जाणून घेऊ नका. त्याशिवाय ‘आमचं कुत्रं २० तासांचा माग काढतं’ म्हणू नका.

कुत्रं रक्तामागे जातंय की माग घालणाऱ्याच्या बुटांमागे, हेही तपासा. त्यासाठी जर्मनीत तळाला जनावराचे खूर बसवलेले खास बूट मिळतात. तरी माणसाचा वास थोडा राहतोच, त्यामुळे माग घालणारी माणसं बदलत राहा.

शिळ्या मागावर कुत्रं सावकाश, नाक खाली ठेवून चालतं. मधेच मान वर करून जोरात ओढायला लागलं, तर बहुधा नुकत्याच आडव्या गेलेल्या हरणाचा वास त्याला लागलेला असतो. तो जोर पाहून खूश होऊ नका. शेवटची खात्रीची खूण गाठा आणि तिथून पुन्हा लावा.

मागाचं वय, लांबी आणि वळणं एकाच दिवशी वाढवू नका. चुकलं तर कशामुळे ते कळणार नाही.

आपल्याकडे विचारतात, कारवान जातीचा कुत्रा याला चालेल का? तो नजरेने पाठलाग करणारा, नाकाचं बारीक काम त्याचा पिंड नाही. शिवाय भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. हौस असेल तर माणसाचा माग शिकवा, नियम हेच.

आणि कुत्रं सलग दोनदा हरलं तर मागाचं वय निम्म्यावर आणा, पाणी पाजा, पहाटेची वेळ धरा. तिसऱ्या खेपेला माग सापडला, तर त्या दिवशी तिथेच थांबा.