कुळाची जमीन खरंच आपल्या नावावर हाय का, असं तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अजून कितीतरी घरात आजोबांनी कूळ म्हणून, म्हणजे दुसऱ्या मालकाची, कसलेली जमीन हाय पण कागद कुणी नीट बघितलेलाच नाही. आधी मागचं समजून घ्या. आपला भाग मुंबई राज्यात होता म्हणून 1948 चा मुंबई कुळकायदा इथं लागू होता, मग कर्नाटकचा 1961 चा कायदा 1965 पासून आला, आणि खरा बदल 1 मार्च 1974 ला झाला, कुळाकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुळांनी फॉर्म 7 भरून लँड ट्रिब्युनलकडं, म्हणजे जमिनीचे दावे ठरवणाऱ्या न्यायमंडळाकडं, हक्क मागितला. मंजूर झाला तर फॉर्म 10, म्हणजे जमीन कुळाच्या नावावर झाल्याचा दाखला, मिळाला.

तर पहिलं काम, ट्रंकेत तो फॉर्म 10 शोधा. नसला तर तहसीलदार ऑफिसात ट्रिब्युनलच्या निकालाची नक्कल मागा, सर्व्हे नंबर लिहूनच अर्ज द्या.

मग जमिनीचा उतारा काढा, भूमी या सरकारी जमीन-नोंदीच्या साईटवर किंवा नाडकचेरीत (गावाजवळच्या महसूल ऑफिसात) मिळतो. कॉलम 9 मध्ये मालकाचं नाव, 11 मध्ये बोजा आणि इतर हक्क. उतारा कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर ओळखीच्या माणसाकडून एकेक अक्षर वाचून घ्या, कारण आपली आडनावं त्यात चुकीची पडलेली असतात आणि आधारशी जुळत नाहीत मग वारसा लावताना अडतं. जुने फेरफार, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलल्याच्या नोंदी, पण काढाच.

विकायची घाई मात्र करू नका. 2020 पासून शेतकरी नसलेल्यालाही जमीन घेता येते, त्यामुळं गिऱ्हाईक लगेच दारात येतं. बहिणींची नावं वारसात लागलीत का ते आधी बघा, तो त्यांचा हक्कच हाय.