मुंबई ते न्यूयॉर्क: किती तास लागतील, हे घरीच कसे काढावे

मुलगी न्यू जर्सीला असली की "किती तासांचा प्रवास हो?" हे कोणीतरी विचारतेच. एक जण 14 सांगतो, दुसरा 16, तिसरा 22. गंमत म्हणजे तिघेही बरोबर असू शकतात. हिशेब स्वतःच करून पाहा.

आधी अंतर

भिंतीवरचा नकाशा विसरा. त्यावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते, आणि ती लांबची वाट आहे. मुलांचा पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर, दुसरे न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो पाकिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान ओलांडून मॉस्कोला जवळजवळ शिवतो, मग नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, कॅनडा. पहिल्यांदा विश्वास बसत नाही. माझा तरी बसला नव्हता.

आता दोरा मोजा. गोलाचा व्यास 30 सेंटिमीटर असेल तर घेर सुमारे 94 सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर साधारण 40,000 किलोमीटर, म्हणजे एक सेंटिमीटरला 425 किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. गुणाकार करा: साडेबारा हजार किलोमीटर.

मग वेळ

मोठे प्रवासी विमान उंचावर ताशी सुमारे 900 किलोमीटरने जाते. भागाकार केला की 14 तास. चढणे, उतरणे, धावपट्टीवरची रांग यांचा अर्धा तास धरा.

पण वाऱ्याचे काय? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. अमेरिकेला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. त्यामुळे जाताना साधारण 16 तास लागतात, येताना दीड-दोन तास कमी.

शिवाय दोऱ्याची वाट विमानाला मिळतेच असे नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली. रशियाची हद्द अमेरिकन कंपन्यांना 2022 पासून बंद आहे. वळसा घालावा लागला की तास वाढतात.

तिकीट वाचताना

इथे भले भले फसतात. समजा, तिकिटावर रात्री 1.30 ला सुटणे आणि सकाळी 7.30 ला पोहोचणे लिहिले आहे. सहा तासांत अमेरिका? दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणून प्रवास साडेसोळा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळे तासभर पुढे असतात. तेव्हा साडेनऊच मिळवा.

दुबईवरून गेलात तर

मुंबई-दुबई सुमारे 1,930 आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे 11,020 किलोमीटर. बेरीज 12,950, म्हणजे वळसा जेमतेम चारशे किलोमीटरचा. वेळ खातो तो मधला थांबा. 22 तासांचा आकडा येतो तो असा. मात्र वय झालेल्यांना मध्ये पाय मोकळे करता येतात, हे विसरू नका.

आणि घ्यायला येणाऱ्याला विमान उतरण्याची वेळ देऊ नका. तपासणी आणि सामान यांचा तास-दीड तास त्यात मिळवून सांगा.